‘बॅक टू ब्लॅक’ : अकरा ओळींवरचे भाष्य

आपल्याकडे भाष्यकार आधी मूळ पाठ समोर ठेवतो आणि मग एकेक ओळ घेऊन बोलतो. मीही तेच करते आहे. पाठ म्हणून घेतली आहे ती एमी वाइनहाउसच्या दुसऱ्या अल्बममधल्या गाण्यांची यादी. ‘बॅक टू ब्लॅक’ २७ ऑक्टोबर २००६ रोजी ब्रिटनमध्ये आयलंड रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केला. अकरा गाणी, म्हणजे अकरा ओळी. सगळे मिळून साधारण ३५ मिनिटांचा ऐवज. गाण्यांतले शब्द मी इथे उतरवणार नाही. शेजारी अल्बम लावून ठेवावा आणि प्रत्येक ओळीपाशी थोडे थांबावे, एवढीच विनंती.

पूर्वपीठिका लांबवत नाही. एमीचा जन्म १४ सप्टेंबर १९८३ चा, उत्तर लंडनमधल्या ज्यू कुटुंबातला. वडील घरात सिनात्राची गाणी म्हणत, आजी तरुणपणी गायिका होती, आईचे भाऊ जॅझ वाजवत. २००३ मध्ये आलेला पहिला अल्बम ‘फ्रँक’ याच घरातून उगवला: जॅझची वळणे, हिप-हॉपचा ठेका आणि वीस वर्षांच्या मुलीची धारदार जीभ. मग तीन वर्षे नवा अल्बम नाही. या काळात कॅम्डेनच्या पबमधल्या ज्यूकबॉक्सवर ती साठच्या दशकातली अमेरिकन गाणी ऐकत होती, त्यातही मुलींच्या संचांची: रॉनेट्स, शांग्री-लाज.

या अल्बमवर लिहिणारे बहुतेक जण ‘प्रभाव’ हा शब्द वापरून मोकळे होतात. मला तो पुरत नाही. शेजारून उसने आणले तर काय आणले ते सांगायला हवे: भांडे आणले, की भांड्यातले? माझे मत असे की एमीने भांडे आणले. शांग्री-लाजच्या १९६४ च्या ‘लीडर ऑफ द पॅक’मध्ये बाप मुलीला प्रियकराला सोडायला लावतो, तो मोटारसायकलवरून निघून जातो आणि मरतो, मुलगी रडत राहते. त्या सगळ्या गाण्यांत कुणीतरी आडवे येते. दैव, आईबाप, गावातली कुजबुज. एमीच्या गाण्यांत आडवी येते ती स्वतः, आणि तसे ती सांगूनही टाकते. पुढच्या प्रत्येक ओळीत मी हाच धागा धरून जाणार आहे.

१. रिहॅब

सुरावट नाही, प्रस्तावना नाही; पहिल्याच क्षणी गाण्याचे धृपद कानावर येते. हे गाणे कसे झाले ते निर्माता मार्क रॉन्सनने अनेकदा सांगितले आहे. न्यूयॉर्कमध्ये दोघे रस्त्याने चालले होते. जवळच्या माणसांनी आपल्याला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायचा कसा प्रयत्न केला आणि आपण कसा नकार दिला, हे ती बोलता बोलता सांगून गेली. रॉन्सनने तिला तिथेच थांबवले: हे तर गाणे आहे. तिने ते आधी संथ ब्लूजच्या चालीत बांधले होते. टाळ्यांचा ठेका, सॅक्सोफोनची गुरगुर आणि ती उडती लय रॉन्सनची.

भाष्यकाराने थांबावे अशी जागा मात्र वेगळीच आहे. नकार देताना एमी दोन गुरूंची नावे घेते, रे चार्ल्स आणि डॉनी हॅथवे. उपचारकेंद्रात शिकण्यासारखे जे आहे ते मला यांच्याकडून मिळेल, असा तिचा युक्तिवाद. तो ऐकायला झोकदार आहे, पण दोन्ही नावे त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. रे चार्ल्स हेरॉइनच्या व्यसनासाठी १९६५ मध्ये स्वतः उपचार घ्यायला गेला आणि त्यातून सुटला. हॅथवे मानसिक आजाराशी झुंजत १९७९ मध्ये गेला, वय ३३. हे तिला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. या माणसांच्या रेकॉर्डी तिने जीव लावून ऐकल्या होत्या. म्हणून हे गाणे मला बढाईचे वाटत नाही. जी साक्ष आपल्यावर उलटणार आहे तीच ती पुढे करते. पुढच्या ओळीत हेच उघड होते.

१० फेब्रुवारी २००८ च्या ग्रॅमी समारंभात एमीला पाच पारितोषिके मिळाली, त्यातली तीन या एका गाण्यासाठी.

२. यू नो आय’म नो गुड

आधी नुसते ड्रम्स. कोरडे, जवळचे, खोलीच्या भिंती ऐकू याव्यात असे. वाजवणारा होमर स्टाइनवाइस, ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या संचाचा. त्या संचाविषयी पाचव्या ओळीत.

गाण्यात ती एका पुरुषाची फसवणूक करते, पकडली जाते आणि म्हणते की मी तुला आधीच सांगितले होते. पकडले जाणे कसे दाखवले आहे ते पाहावे. भांडण नाही, आरडाओरड नाही. अंगावर राहिलेली एक खूण त्याच्या नजरेस पडते आणि तो काहीच बोलत नाही. जुन्या सोल संगीतात अशा जागी काळीज फुटते, आभाळ कोसळते. इथे बिअरचे नाव आहे, खाण्याचे जिन्नस आहेत, न्हाणीघर आहे. हा तपशिलाचा हट्ट हिप-हॉपचा आहे. रॅपर गल्लीचे आणि बुटाचे नाव सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. साठ सालच्या सुरावटीत हा नव्वदीचा हट्ट बसवणे हे एमीचे खरे कसब. वू-टँग क्लॅनच्या गोस्टफेस किलाने याच गाण्यावर आपले कडवे चढवले तेव्हा ते जराही उपरे वाटले नाही, याचे कारण हेच.

३. मी अँड मिस्टर जोन्स

शीर्षक बिली पॉलच्या १९७२ च्या गाण्यावरून उलटवले आहे. तिकडे फिलाडेल्फियाच्या मखमली सुरात एक पुरुष परस्त्रीला चोरून भेटतो. इकडे मिसेसची जागा मिस्टरने घेतली आहे. हे मिस्टर जोन्स म्हणजे न्यूयॉर्कचा रॅपर नॅस, नासिर जोन्स. त्याचा आणि एमीचा वाढदिवस एकच, १४ सप्टेंबर. तो बरोबर दहा वर्षांनी मोठा. या गाण्याचा निर्माता सलाम रेमी नॅसबरोबरही काम करत असे, म्हणजे ओळख घरचीच.

चाल डू-वॉपची, तीन-तीन मात्रांचा झोका, आपल्या कानाला दादऱ्याच्या अंगाची. मागे गोड आवाजांची साथ चालते, आणि पुढे एमी चक्क शिवी देते. ही शिवी खोडकरपणाची नाही. पन्नासच्या दशकातल्या अशा गोड साथीतल्या मुलींना जे बोलायची परवानगी नव्हती ते ती त्यांच्याच झोक्यावर बसून बोलते.

४. जस्ट फ्रेंड्स

जमैकाची लय, गिटार उलट्या मात्रेवर. लंडनच्या मुलीला ही लय शिकायला लागत नाही. कॅरिबियनमधून आलेल्या लोकांबरोबर ती शहरात रुजलेली आहे. गाणे छान आहे, पण पाचव्या ओळीची वाट पाहायला लावण्यापलीकडे ते फार काही करत नाही.

५. बॅक टू ब्लॅक

इथे बसकण मारावी लागते.

एमीने रॉन्सनला शांग्री-लाजची रेकॉर्ड ऐकवली. ती गेल्यावर त्याने रात्रीत पियानोचा एक तुकडा बसवला, त्याखाली ढोलाचा ठोका आणि भरपूर घुमारा दिलेले टॅम्बरीन. दुसऱ्या दिवशी ते ऐकून तिने शब्द लिहिले, तेही फार वेळ न घालवता. धृपदात यमक नीट जुळत नाही, ते दुरुस्त कर, असे रॉन्सनने सुचवले. ते तसेच आले आहे, असे म्हणून तिने ते बदलायला नकार दिला. मला तो नकार फार मोलाचा वाटतो. चाल एवढी चोख आणि घोटलेली असताना धृपदातच शब्द अडखळला, म्हणून ऐकणाऱ्याला कळते की बोलणारी खरी आहे.

आता हेडफोन लावून दोन गोष्टी ऐकाव्यात.

पहिली गोष्ट पियानोची. कडव्याला चारच कॉर्ड आहेत: डी मायनर, जी मायनर, बी फ्लॅट आणि ए सेव्हन्थ. चौथी कॉर्ड अशी आहे की ती जागेवर उभी राहू शकत नाही. तिचा ओढाच पहिल्या कॉर्डकडे. वाजली की कान आपोआप डी मायनरची वाट पाहतो. म्हणजे प्रत्येक फेरीच्या शेवटी गाणे जिथून निघाले त्या अंधाऱ्या घरी परत ओढले जाते. शीर्षकात जे परत जाणे आहे ते शब्दांच्याही आधी पियानोच्या डाव्या हाताने सांगून ठेवले आहे. गाण्यातली गोष्टही दोन परतण्यांची आहे: तो आपल्या जुन्या बाईकडे परतला, आणि ही काळोखाकडे. एकच क्रियापद दोघांना लावून तिने निवाडा टाळला. त्याचे परतणे पाप आणि माझे परतणे दुःख, असे ती म्हणत नाही.

दुसरी गोष्ट टॅम्बरीनची. एक आघात पडतो आणि त्याची शेपटी लांबवर घसरत जाते. रिकाम्या मोठ्या दालनात कुणी किल्ल्यांचा जुडगा टाकावा तशी. हा घुमारा फिल स्पेक्टरच्या घराण्याचा. लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत स्पेक्टर एकाच खोलीत वादकांची गर्दी करी, एकच सुरावट दोन-तीन पियानोंवर, तीन-चार गिटारींवर वाजवून घेई आणि तो सगळा आवाज प्रतिध्वनीच्या बंद खोलीतून फिरवून आणी. रॉनेट्सचे १९६३ चे ‘बी माय बेबी’ असे झाले. स्पेक्टरकडे मात्र तो घुमारा भरून टाकतो; ऐकणाऱ्याभोवती भिंत उभी राहते. इथे तो रिकामे करतो. मध्यावर तर बाकीचा पसारा जवळजवळ थांबतो, घंटेसारखा ठोका पडत राहतो आणि एमी रंगाचे ते एकच नाव पुन्हा पुन्हा उच्चारते. त्या जागी आवाजात रडणे आणलेले नाही. ती नुसते नाव घेते, दर वेळी थोडे खाली उतरून. पुढे निघालेल्या कृष्णधवल चित्रफितीत अंत्ययात्रा दाखवली आहे, लंडनच्या अ‍ॅबनी पार्क दफनभूमीत. मला त्या चित्राची गरज वाटत नाही. घंटेने ते काम आधीच केलेले आहे.

आता वादकांचा प्रश्न, आणि तो अवघड आहे. रॉन्सनने ही गाणी वाजवून घेतली ब्रुकलिनमधल्या बुशविक भागात, डॅपटोन रेकॉर्ड्सच्या एका जुन्या घरात. गेब्रियल रॉथ हा तिथला ध्वनिमुद्रक आणि बेसवादक. संगणकाऐवजी टेप, सगळे वादक एका खोलीत, एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये सांडलेला. ड्रम्ससाठी अगदी मोजके मायक्रोफोन. स्वच्छतेच्या हव्यासाने नव्या रेकॉर्डींतून जी ऊब गेली होती ती या सांडण्यातून परत आली. एमी त्या ध्वनिमुद्रणाला हजर नव्हती, आणि तरीही ऐकताना ती त्यांच्या मधोमध उभी आहे असेच वाटते.

या डॅप-किंग्जची मूळ गायिका शॅरन जोन्स. १९५६ चा जन्म, जॉर्जियातल्या ऑगस्टाचा. तिने न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात पहारेकरी म्हणून नोकरी केली. रंग, वय, उंची, बांधा असे एकेक कारण सांगून रेकॉर्ड कंपन्यांच्या माणसांनी आपल्याला परत पाठवल्याचे ती सांगत असे. चाळिशीत तिची पहिली रेकॉर्ड निघाली. तोच संच, तीच खोली, तोच ठेका घेऊन लंडनची २३ वर्षांची गोरी मुलगी जगभर गाजली; २००७ मध्ये ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम हाच. यात एमीचा दोष नाही, आणि शॅरन जोन्सवर अन्याय झाला नाही असेही म्हणता येणार नाही. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत आणि भाष्यात दोन्ही लिहायला हवीत. शीर्षकातल्या काळ्या रंगाचा आणखी एक अर्थ मला इथे दिसतो: कृष्णवर्णीयांच्या संगीताकडे परतणे. तो एमीच्या मनात होता असा दावा मी करत नाही. पण पाठात तो आहे, आणि तो वाचायचा तर शॅरन जोन्सचे ‘नॅचरली’ ऐकल्यावाचून तो पुरा होत नाही. तो अल्बम २००५ चा, म्हणजे यापूर्वी एक वर्ष.

६. लव्ह इज अ लूझिंग गेम

अडीच मिनिटांचे गाणे. प्रेम म्हणजे जुगार, हे रूपक इतके वापरलेले की हातात घ्यायलाही धजू नये. तिने ते घेतले आणि त्यात काहीही भर घातली नाही, हीच कमाल. प्रत्येक ओळ अर्धवट ठेवावी तशी छोटी. वाक्याचा कर्ता कुठे आहे, कुठे नाही. पत्ते मांडून उठून जावे तसे गाणे संपते.

२००८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या इंग्रजीच्या अंतिम परीक्षेत या गाण्याचे शब्द आले, आणि सोळाव्या शतकातल्या सर वॉल्टर रॅलेच्या कवितेशेजारी ठेवून त्यांचा विचार करायला विद्यार्थ्यांना सांगितले गेले. तेव्हा काहींनी नाके मुरडली. मला त्यात काहीच वावगे वाटत नाही. रॅलेची ती कविताही मुळात जुन्या लोकगीताच्या वळणाची आहे. दुसऱ्याचे भांडे घेऊन आपले दुःख त्यात ओतण्याचाच तोही प्रकार. याच वर्षी गाण्याला आयव्हर नोव्हेलो पारितोषिक मिळाले, शब्द आणि संगीत दोन्हींसाठी.

७. टिअर्स ड्राय ऑन देअर ओन

जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे नाव छापलेले असे. वाचणाऱ्याला दोन्ही गाणी एकदम ऐकू येत: वरचे नवे, खालचे जुने. या सातव्या ओळीच्या डोक्यावर तसेच छापायचे तर लिहावे लागेल: चाल, ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’. निकोलस अ‍ॅशफर्ड आणि व्हॅलरी सिम्पसन यांची ती रचना, १९६७ मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेल यांनी गायलेली. एमीच्या गाण्याच्या श्रेयातही अ‍ॅशफर्ड आणि सिम्पसन आहेत.

एमीने हे गाणे आधी संथ लिहिले होते. तो पहिला खर्डा तिच्या मृत्यूनंतर, २०११ च्या ‘लायनेस’ या संग्रहात आला. तो ऐकला की सलाम रेमीने काय केले ते नेमके कळते. शब्द तेच, दुःख तेच. पण संथ खर्ड्यात गाणारी आपल्या दुःखाशेजारी बसून आहे. रेमीने खाली मोटाउनचा तो उसळता पाया सरकवला आणि तीच गाणारी रस्त्यावर चालू लागली. चित्रफितीत ती खरोखर रस्त्याने चालतच जाते, लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बुलेव्हार्डवरून.

आणि इथेच सगळ्यात सूक्ष्म गोष्ट आहे. मूळ गाणे दोघांचे. मार्व्हिन एक ओळ टाकतो, टॅमी ती उचलते. डोंगर असो, दरी असो, कुणी कुणाला सोडून राहणार नाही असा दोन्ही बाजूंनी करार होतो. एमी त्याच पायावर एकटी गाते. जिथे कान दुसऱ्या आवाजाची वाट पाहतो तिथे कुणी येत नाही. आपण तो जुना करार ओळखतो म्हणूनच एक सही कोरी राहिल्याचे आपल्याला कळते. ज्याने मूळ ऐकलेले नाही त्याला हे गाणे आनंदी वाटेल. ज्याने ऐकले आहे त्याला ते अल्बममधले सर्वांत एकटे गाणे वाटेल. उसन्या चालीचा असा उपयोग मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

८. वेक अप अलोन, ९. सम अनहोली वॉर

आठवी ओळ पॉल ओडफीबरोबर लिहिलेली. दिवस कसा काढावा हे तिला जमले आहे: कामात राहायचे, घर आवरायचे. रात्र जमलेली नाही. गिटारचे स्वर एकेक सुटे पडत राहतात, नळ ठिबकावा तसे. घर आवरण्याचा तो तपशील दुसऱ्या ओळीतल्या न्हाणीघराचा सख्खा भाऊ आहे; दुःख कपाळावर न लिहिता ते फडक्यात आणि केरसुणीत दाखवणे.

नववी ओळ माझ्या मते सर्वांत कच्ची. आपल्या माणसाच्या पाठीशी त्याच्या लढाईत उभी राहणारी बाई, हे चित्र त्या साठच्या गाण्यांतून जसेच्या तसे आले आहे. इथे भांड्याबरोबर भांड्यातलेही आले.

१०. ही कॅन ओन्ली होल्ड हर

एवढ्या एकाच गाण्यात ‘मी’ नाही. ‘तो’ आणि ‘ती’ आहेत. तो तिला धरून आहे, पण ती तिथे नाही. घरात दिवे चालू, माणूस नाही, अशी तिची अवस्था. दहाव्या ओळीपर्यंत स्वतःविषयी एवढे बोलल्यावर एमी स्वतःला बाहेरून पाहते आहे असे मला वाटते. खाली १९६६ चे आइसमेन या संचाचे एक विस्मृतीत गेलेले गाणे आहे, आणि श्रेयात रिचर्ड व रॉबर्ट पॉइनडेक्स्टर या भावांची नावे एमीच्या नावाशेजारी आहेत. त्या मूळ गाण्यात एक तरुण आपल्या मैत्रिणीच्या रूपाची तारीफ करतो. चाळीस वर्षांनी त्याच सुरावटीतून त्या मैत्रिणीच्या आतले दिसले.

११. अ‍ॅडिक्टेड

इथे पाठभेद आहे, आणि तो क्षुल्लक नाही. ब्रिटिश पाठात अकरावी ओळ ही. २००७ मध्ये अमेरिकेत निघालेल्या आवृत्तीत हे गाणे गाळले गेले आणि शेवटी दुसऱ्या ओळीचाच गोस्टफेस किलाबरोबरचा नवा अवतार लावला गेला.

शीर्षक वाचून मन धास्तावते. २३ जुलै २०११ रोजी कॅम्डेनच्या घरी वयाच्या २७ व्या वर्षी मद्याने तिचा जीव घेतला, हे माहीत असलेला प्रत्येक जण या शब्दापाशी भविष्यवाणी शोधतो. पण गाणे ऐकावे. ते मैत्रिणीला ऐकवलेले गाऱ्हाणे आहे: तुझा मित्र माझ्या घरी येतो आणि माझा गांजा ओढून संपवतो, पुढच्या वेळी त्याने आपला आपण आणावा. ठेका मोकळा, आवाजात हसू. काळोख, घंटा, कोरी सही, रिकामे घर हे सारे गाऊन झाल्यावर तिने शेवटची ओळ म्हणून हे घरगुती भांडण निवडले होते. गाण्यात ती दारात उभी आहे, पाहुण्यावर चिडलेली, आणि खुशीत.